उत्तर देणारं लाकूड

घर बघायला गेलो त्या दिवशी घरमालक काकांनी आमची फाइल उघडूनसुद्धा पाहिली नाही. पगाराच्या स्लिपा, आधीच्या घरमालकाची चिठ्ठी, सगळं मी व्यवस्थित लावून नेलं होतं. जर्मनीत, कायझर्सलाउटर्नजवळ बरं घर मिळवायचं तर एवढी तयारी लागतेच. काकांनी ती फाइल बाजूला सरकवली, टेबलावर बोटाच्या पेराने टक-टक केलं आणि विचारलं,

"दुपारची झोपायची सवय आहे का तुम्हाला?"

"नाही," नवरा म्हणाला, "आम्ही दोघंही ऑफिसात असतो."

"उत्तम. मी संध्याकाळी खाली केलरमध्ये कॉल बनवतो. थोडा आवाज होतो."

नवऱ्याला वाटलं, निवृत्तीनंतरही माणूस मीटिंगा घेतोय. "कुठल्या टाइम झोनचे?" त्याने आदराने विचारलं.

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग ताडकन उठले, धाडधाड जिना उतरून तळघरात गेले आणि वर आले ते हातात कंपासपेटीएवढा लाकडी डबा घेऊन. डब्याचं झाकण एका टोकाला एकाच स्क्रूने अडकवलेलं होतं आणि दुसऱ्या टोकाला त्याला शेपटीसारखी मूठ होती. काकांनी झाकणाच्या खालच्या बाजूला खडू फिरवला, डबा डाव्या हातात अलगद धरला आणि झाकण त्याच्या कडेवर घासलं.

क्यॉक! क्यॉक! क्यॉक-क्यॉक-क्यॉक!

आमची लेक तेव्हा जेमतेम बालवाडीत जायला लागली होती. ती दचकून माझ्या मागे लपली, मग हळूच डोकं बाहेर काढून ओरडली, "नोखमाल!" म्हणजे पुन्हा एकदा.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" काका ओरडले. "घर तुमचं!"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, आधी घर दाखवा तरी त्यांना!"

तर असे आमचे घरमालक. मूळचे पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनीअर. तरुणपणी जर्मनीत आले आणि पंप बनवणाऱ्या एका कंपनीत आयुष्यभर आवाज ऐकण्याचं काम केलं. चालू पंपाला कान लावायचा आणि आत काय बिघडतंय ते सांगायचं. पुढे त्यासाठी यंत्रं आली, तरी यंत्राने काही म्हटलं की साहेब लोक काकांकडे बघत, असं काकू अभिमानाने सांगायच्या. निवृत्त झाल्यावर तो कान मोकळा झाला. मोकळा कान घरात फार दिवस गप्प बसत नाही. कुकरची शिट्टी अर्ध्या सुराने उतरलीय, जिन्याची तिसरी पायरी सर्दी झाल्यासारखी बोलते, असं सगळं ऐकून घेताना काकूंचा जीव मेटाकुटीला आला होता. तेवढ्यात शेजारच्या घरात एक अमेरिकन राहायला आला.

आमच्या भागात अमेरिकन लष्करातली माणसं पुष्कळ. हा त्यातलाच, दक्षिणेकडच्या कुठल्याशा खेड्यातला, शिकारीचा शौकीन. त्याच्या आजोबांनी हाताने बनवलेला टर्की-कॉल तो बरोबर घेऊन आला होता. रानटी टर्कीला फसवून जवळ बोलवायचं हे साधन. डब्यावर झाकण घासलं की टर्कीच्या मादीचा आवाज निघतो आणि तो ऐकून नर येतो. एका वसंतात त्याने घराची आठवण आली म्हणून मागच्या अंगणात बसून तो डबा वाजवला.

गावाच्या टोकाला, शेताच्या पलीकडे, एक सत्तरीची बाई टर्की पाळायची. आमची लेक तिला पुटेन-ओमा म्हणायची, टर्कीवाली आजी. तिच्या कळपात एक दांडगा काळपट नर होता. अमेरिकनाने डबा वाजवला आणि शेतापलीकडून त्या नराने असं काही दणदणीत उत्तर दिलं, की काका हातातला चहा घेऊन तसेच कुंपणापाशी गेले. नर पिसारा फुलवून जाळीपर्यंत धावत आला होता आणि येरझाऱ्या घालत होता.

"अगं, लाकडाने हाक मारली आणि त्याने ओ दिली!" काका त्या दिवशी काकूंना किती वेळा हे म्हणाले ते काकूच जाणोत.

अमेरिकनाची बदली झाली, आजोबांचा डबा त्याच्याबरोबर गेला. जाताना तो काकांना एवढंच म्हणाला, की डबा कोणीही बनवेल, सगळी गंमत लाकडात आहे.

झालं. काकांनी ते वाक्य उराशी धरलं.

गंमत पाहा. काका पूर्ण शाकाहारी. केकसुद्धा अंडं नाही ना, हे विचारून खाणारे. बंदूक त्यांनी फक्त गणपतीतल्या देखाव्यात पाहिलेली. शिवाय आमच्या आसपासच्या जंगलात रानटी टर्की औषधालाही सापडत नाही. मी एकदा तसं म्हणाले, तर ते गंभीर होऊन म्हणाले, "अगं, मला कुठे पकडायचाय त्याला? मला फक्त त्याचं उत्तर पाहिजे."

आणि उत्तर तेवढं येत नव्हतं. पुटेन-ओमाचा तो नर चर्चच्या घंटेला उत्तर द्यायचा. कचऱ्याच्या गाडीला द्यायचा. टपालवालीने गाडीचं दार आपटलं तरी द्यायचा. पण काकांनी डबा वाजवला, की तो मान वळवून दुसरीकडे बघायचा. तळघराच्या फळीवर काकांनी बनवलेले डबे ओळीने मांडलेले होते, आणि त्या प्रत्येकाचा त्याने असाच अपमान केलेला होता.

"लाकूड चुकतंय," काका म्हणायचे. "हात बरोबर आहे, माप बरोबर आहे. लाकूड चुकतंय."

मग सुरू झाला शोध, आणि त्यात आम्ही सगळेच ओढले गेलो.

श्पेरम्यूल म्हणजे लोकांनी घरातलं नको असलेलं मोठं सामान उचलून नेण्यासाठी रस्त्यावर काढून ठेवायचं. काकांचा हा सण. कोणाच्या दारात मोडकं कपाट दिसलं, की काका सायकल थांबवून उतरायचे, पेराने टक-टक करायचे आणि कान लावून उभे राहायचे. जाणारे-येणारे थांबून बघायचे. "भुशाची फळी," असं पुटपुटून ते कपाटाला जागीच रद्द करायचे. पण खरं लाकूड निघालं की चेहरा असा उजळायचा, जणू गर्दीत शाळूसोबती भेटला! एकदा ते अक्रोडाच्या पलंगाची उशाकडची फळी घेऊन बसमध्ये चढले. ड्रायव्हर म्हणाला, एवढं मोठं सामान चालणार नाही. काका म्हणाले, "हे सामान नाही, हे वाद्य आहे." ड्रायव्हरने फळीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. काका आत, फळीही आत.

मला लाकडातलं ओ की ठो कळत नव्हतं. काकांनी शिकवलं. ओलं लाकूड आवाज गिळतं, म्हणून जुनं आणि खडखडीत वाळलेलं हवं. रेषा सरळ हव्यात, मधे गाठ आली की आवाज अडखळतो. आणि डबा अन् झाकण एकाच जातीचं नको. "दोन्ही कडक असली तर किंचाळतात, दोन्ही मऊ असली तर कुजबुजतात," ते म्हणाले. "एक जरा मऊ, एक जरा कडक, म्हणजे संवाद होतो."

"हे त्यांना लाकडाच्या बाबतीतच समजतं," काकू चहा देता देता म्हणाल्या.

काकूंचा या प्रकरणात एकदाच हात लागला होता. काका पुण्याला गेलेले असताना त्यांनी तळघर आवरलं, आणि लाकूड कोरडं पडलंय म्हणून एका डब्याला प्रेमाने खोबरेल तेल चोळलं. घासणाऱ्या कडेला तेल लागलं की खेळ संपला. तो डबा कायमचा मुका झाला. काका परत आले. तो डबा त्यांनी दिवाणखान्यात, लग्नाच्या फोटोशेजारी नेऊन ठेवला. काकूंनी तो तिथून हलवला नाही. रोज पुसायच्या मात्र.

वाल्डॉर्फची फजिती तर मी डोळ्यांनी पाहिली. तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या मित्राने नवीन घराची वास्तुशांत केली होती. पुण्या-मुंबईची बरीच मंडळी जमलेली. आरती सुरू झाली. सगळे टाळ्या वाजवतायत आणि काका देव्हाऱ्याच्या बाजूला वाकून, त्याच्या खांबाला कान लावून उभे. यजमानीणबाईंना वाटलं, काय ही भक्ती! आरती संपल्यावर त्या कौतुकाने जवळ आल्या, तर काका म्हणाले, "शिसवी आहे. फार सुंदर बोलतं. मागची एक पट्टी काढली तर कळणारही नाही हो कोणाला."

"अहो!" काकू कडाडल्या, "देव्हारा आहे तो!"

"म्हणून तर विचारून घेतोय," काका म्हणाले.

परतताना गाडीत काकू हायडेलबर्ग येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. काका मात्र खिडकीच्या चौकटीवर बोटं वाजवत मजेत होते. "प्लास्टिक," ते मधेच म्हणाले.

मग तो शनिवार आला. ऑक्टोबरचा असावा, कारण अंगणात पानांचे ढीग होते. मी कपडे वाळत घालत होते आणि शेतापलीकडून जेसीबीची घरघर येत होती. पुटेन-ओमा आपला जुना गोठा पाडत होती. गाई केव्हाच गेल्या होत्या, छप्पर धोकादायक झालं होतं. काका अंगणात पानं गोळा करत होते. अचानक त्यांचे हात थांबले.

"ऐकलंस?" ते म्हणाले.

"काय?"

"आत्ता जे पडलं ते!"

मला नुसती धडधड ऐकू येत होती. त्या धडधडीत कुठली तरी एक फळी दगडावर पडून टणकन वाजली होती म्हणे. काकांनी दाताळं टाकलं आणि घरातल्या चपलांनिशी, नांगरलेल्या शेतातून धावत सुटले. त्या वयाच्या माणसाला मी तसं धावताना कधी पाहिलं नव्हतं. मी हातातला ओला टॉवेल तसाच घेऊन त्यांच्या मागे धावले.

"हाल्ट! हाल्ट!" काका ओरडत होते. जेसीबीचा सुपडा वर उचललेला, खाली कंटेनर अर्धा भरलेला, आणि काका सरळ सुपड्याखाली जाऊन उभे! ड्रायव्हरने यंत्र बंद केलं आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. पुटेन-ओमा काठी टेकत आली. तिचं आणि काकांचं फारसं बरं नव्हतं. काका रविवारी, शांतता पाळायच्या वेळात डबे वाजवतात आणि आपले पक्षी बावचळतात, अशी तिची तक्रार होती. इतकी वर्षं शेजारी राहूनही दोघं एकमेकांना आडनावाने आणि "झी" म्हणजे "आपण" म्हणूनच बोलायचे, तेही भांडायची वेळ आली तरच.

"आपल्याला मरायचंय का?" तिने विचारलं.

"आल्झो... म्हणजे, ती फळी," काका धापा टाकत म्हणाले, "ती लाल दिसते ती. कशाची आहे?"

तिने ढिगाऱ्याकडे पाहिलं. "ती? गव्हाण होती. माझ्या वडिलांनी केलेली. आमचं चेरीचं झाड पडलं होतं, त्याची."

काकांनी फळी उचलली. गाईंच्या जिभांनी चाटून चाटून तिची वरची कड हस्तिदंतासारखी गुळगुळीत झाली होती. काकांनी एका टोकाला दोन बोटांत धरून ती टांगली आणि पेराने टकोरा मारला. तो आवाज मलाही कळला! घंटा नव्हे, पण घंटेची लांबची बहीण. काकांनी डोळे मिटून घेतले.

"ही मला द्याल?"

"कशाला?"

काकांनी फळी आणखी घट्ट धरली. खोटं त्यांना बोलता येत नसे. "टर्कीला हाक मारायला."

पुटेन-ओमाच्या कपाळावर आठी चढली. मला वाटलं, संपलं. मग ती ड्रायव्हरकडे वळून म्हणाली, "देऊन टाक. नाहीतर हा इथेच उभा राहील."

तो सबंध हिवाळा फळी तळघरात हीटरपासून बेताच्या अंतरावर पडून राहिली. काका घाई करेनात. रोज संध्याकाळी जाऊन टकोरा मारायचे आणि वर येऊन प्रगती सांगायचे, "आज जरा मोकळी बोलली." फेब्रुवारीत त्यांनी ती कापली. डब्याच्या भिंती कानसून पातळ करताना आम्ही वर श्वास धरून बसायचो. जरा जास्त घासलं की गेलं. झाकण त्या बसमधल्या अक्रोडाचं केलं. मार्चच्या शेवटी डबा तयार झाला, पण काकांनी तो वाजवला नाही.

"का हो, काका?"

"धीर होत नाही," ते म्हणाले. "यालाही त्याने मान फिरवली तर? मग कुठलं लाकूड शोधू?"

एप्रिलमध्ये वादळ झालं. दुपारभर वारा नुसता घोंघावत होता. वारा पडल्यावर पुटेन-ओमा आमच्या दारात उभी. डोक्यावरचा रुमाल सुटलेला. जाळीवर फांदी कोसळली होती आणि सगळे पक्षी घाबरून जंगलात पळाले होते. ती दाण्यांची बादली वाजवत कडेकडेने फिरली होती, पण एकही पक्षी आला नव्हता. तासाभरात अंधार पडणार होता, आणि त्या जंगलात कोल्हे भरपूर. तो कळप तिच्या आईच्या वेळेपासून चालत आलेला, जुन्या जातीचा. गेला तर पुन्हा उभा राहणार नव्हता.

"आपण," ती काकांना म्हणाली. तिने जंगलाकडे बोट दाखवलं. "आपला तो डबा. प्रयत्न कराल?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते तळघरात गेले आणि चेरीचा डबा ब्रेडच्या पिशवीत गुंडाळून, कोटाच्या आत छातीशी धरून वर आले. दमट हवेने खडू भिजला तर सगळंच मुसळ केरात. लेक मैत्रिणीकडे होती, बाकी आम्ही सगळे निघालो. काका, पुटेन-ओमा, मी, नवरा, आणि साडीवर जाड जॅकेट घातलेल्या काकू. जंगलाच्या कडेला थांबलो. पानांतून पाणी ठिबकत होतं. काकांनी आम्हाला मागे उभं केलं, खडू फिरवला आणि सुरुवात केली.

हा नेहमीचा आवाज नव्हता. मादी पांगलेल्या कळपाला गोळा करायला जी लांबलचक साद घालते, ती होती. क्यॉऽक, क्यॉऽक, क्यॉऽक. घोगरी, गोड, जरा काळजीतली. माझ्या अंगावर काटा आला. त्या डब्यात खरंच कोणीतरी होतं!

जंगल गप्प.

काकांनी पुन्हा साद घातली. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा घातली तेव्हा शेवटचा सूर जरा फाटला. पुटेन-ओमाने डोळे मिटून घेतले.

आणि खोल आतून, झाडांच्या पलीकडून, तो दणदणीत, गडगडता आवाज आला.

काका दगडासारखे उभे. डबा हातात, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी.

"अहो, थांबलात काय!" काकू मागून ओरडल्या. "वाजवा! त्याने उत्तर दिलंय, आता तुमची पाळी!"

काकांनी वाजवलं. पलीकडून उत्तर आलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा उत्तर, आणि दर वेळी जवळून! डावीकडे बारीक क्यॉक-क्यॉक सुरू झालं, मग उजवीकडे. नवऱ्याने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसला. झुडपं हलली आणि पहिली मादी बाहेर आली. मग दुसरी, मग तिघी-चौघी एकदम, ओल्या, भेदरलेल्या. सगळ्यांत शेवटी तो नर. भिजला होता तरी पिसारा फुलवून, छाती काढून, जणू वादळ त्यानेच परतवलं होतं. तो सरळ काकांकडे चालत आला, दोन हातांवर थांबला, मान वाकडी करून त्यांना न्याहाळलं आणि त्यांच्या तोंडावर गरजला.

"या," काका त्याला म्हणाले, "या, या. ऐकलं मी."

जर्मन "या" म्हणजे हो. नवऱ्याला वाटलं, मराठीत पाहुण्यासारखं "या, या" म्हणतायत. तो हसायला लागला, मी हसायला लागले, काकू डोळे पुसत हसायला लागल्या. काका डबा वाजवत पुढे, मागे टर्कींची रांग, त्यांच्यामागे आम्ही, अशी वरात शेतातून निघाली. जाळी तात्पुरती बांधली, पक्षी आत गेले. पुटेन-ओमाने ते मोजले, मग पुन्हा मोजले, आणि फाटकाला टेकून उभी राहिली.

मग तिने हाताचा चिखल कपड्यांना पुसला, काकांसमोर आली आणि हात पुढे केला.

"हेल्गा," ती म्हणाली.

इथे राहिलेल्या कोणालाही याचा अर्थ सांगायला नको. पहिलं नाव देणं म्हणजे आजपासून "आपण" संपलं, आजपासून "तू". वयाने मोठ्या माणसाने ते द्यायचं असतं, आणि सगळ्यांना ते मिळत नाही. काका गडबडले. डबा घाईघाईने काखेत धरला, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि आपलं नाव सांगितलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. पण त्या क्षणी लक्षात आलं, की आम्ही ते कोणाच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. आम्हा सगळ्यांचे ते काका, ऑफिसात आडनाव, आणि काकूंचे "अहो".

हेल्गाने ते नाव जर्मन उच्चारात, तुकडे तुकडे करून, हळूहळू म्हणून पाहिलं. मग जमलं तसं जोरात म्हणाली, आणि काकांना मिठी मारली.

काकू अंधारत्या शेतात गोऱ्यामोऱ्या होऊन उभ्या होत्या. त्यांनी माझा हात ओढला आणि कानाशी येऊन म्हणाल्या,

"बघ गं बाई! लग्न झाल्यापासून हे नाव मी एकदा उखाण्यात घेतलं तेवढंच. आणि ही बया एका टर्कीवर अरे-तुरे करायला लागली!"